वाचला असे समजून

सार्वजनिक कारभारातील निर्लज्ज शब्दप्रयोगांची कोणी प्रतवारी लावली, तर ‘वाचला असे समजून’ हा प्रयोग पहिला येईल, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. जेवलो असे समजून कोणी ताटावरून उठत नाही. औषध घेतले असे समजून कोणाचा ताप उतरत नाही. परंतु आमच्या नगराच्या सभागृहात दरवर्षी लेखापरीक्षणाचा अहवाल पटलावर येई, सभापती खाकरून ‘अहवाल वाचला असे समजून मान्य करण्यात यावा’ असे पुटपुटत, बाके वाजत, आणि वर्षभर राबून तयार केलेला तो जाडजूड ग्रंथ कपाटात जाऊन पडे. प्रेक्षकांच्या सज्जात बसून हा प्रकार मी अनेक वर्षे पाहिला आहे. सभा लोकांना खुली असते. लोक तिकडे फिरकत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

ज्यांचा हा अहवाल असे, त्या नगर लेखापरीक्षक बाई आमच्याच इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांचे वडील घरे रंगवण्याचे काम करीत. भिंत रंगवून झाली की ते धाकट्या मुलीला म्हणत, “बोट लावून बघ गं, वाळली का.” घराचा मालक ‘वाळली’ म्हणाला, यावर त्यांचा भरवसा नसे. ही मुलगी पुढे शिकली, लेखा विभागात कारकून झाली, खात्याच्या परीक्षा एकामागून एक उत्तीर्ण होत नगर लेखापरीक्षकाच्या खुर्चीवर बसली. पण बोट लावून पाहण्याची सवय काही सुटली नाही. उद्यान विभागाने ‘वृक्षारोपण पूर्ण’ असे कळवले, तेव्हा त्या भर दुपारी तिथे जाऊन म्हणाल्या, “मला सावलीत उभं करा.” सावली नव्हती. विभागाचे अधिकारी छत्री घेऊन धावले, म्हणतात.

खात्यांत त्यांना टाचणीबाई म्हणत. त्यांच्या कानांवर ते आले होते आणि त्यांना त्याचे काही वाटत नसे. “टाचणी आहे म्हणून कागद जागेवर आहेत,” एवढेच त्या म्हणत. त्यांच्या यजमानांचे कोपऱ्यावर झेरॉक्सचे दुकान आहे. ते गमत्या स्वभावाचे. “सर,” ते मला जिन्यात गाठून सांगत, “तुमच्या वहिनींना ‘दार लावलं’ असं सांगून चालत नाही. उठून जातात, ढकलून बघतात. लग्नात मी ‘हो’ म्हटलं, ते तेवढं पुराव्याशिवाय मान्य झालंय.”

लेखापरीक्षण म्हणजे बेरजा-वजाबाक्या तपासणे, अशी सुशिक्षितांचीसुद्धा समजूत असते. ती अपुरी आहे. लोकांच्या नावाने जे चालवले जाते, ते खरोखर चालते का, आणि चालत नसेल तर का, याचे उत्तर कोणीतरी उभे राहून द्यावे, यासाठी हे कार्यालय असते. त्याची कार्यपद्धतीही सुबक आहे. तपासणीत काही खटकले की एक कागद निघतो. त्याला अर्धसमास म्हणतात. कागदाचा डावा अर्धा भाग आक्षेपासाठी, उजवा अर्धा भाग खात्याच्या खुलाशासाठी कोरा. खुलासा पटला तर आक्षेप मिटतो. न पटल्यास तो अहवालात परिच्छेद म्हणून छापला जातो आणि सभागृहापुढे जातो. तिथे परिच्छेद वाचायचा, खातेप्रमुखाने उभे राहून उत्तर द्यायचे, सदस्यांनी विचारायचे. इतकी सरळ रचना. आणि तिच्या शेवटच्या पायरीवर हे सभागृह दरवर्षी डोळे मिटून बसत असे!

ज्या परिच्छेदाची ही हकीकत आहे, तो नगराच्या प्रसूतिगृहातील लिफ्टविषयी होता.

प्रसूतिगृहाच्या इमारतीला तळमजला आणि वर तीन मजले. बाळंतिणींचा कक्ष आणि प्रसूतीची खोली सर्वांत वर. तळमजल्यावर, मोठ्या खिडक्यांच्या, ऐसपैस खोल्यांत आरोग्य विभागाचे कार्यालय. अशी वाटणी मुळात कोणी केली, हे कोणालाच ठाऊक नव्हते; ज्याने केली त्याला जिना चढावा लागला नसणार, एवढे खरे. कागदोपत्री लिफ्ट चालू होती. तपासणीचे प्रमाणपत्र दर तिमाहीस भिंतीवर लागत होते. प्रत्यक्षात दिवस भरलेल्या बायका नातेवाईक आणि आयामावशी यांच्या हातांवर, लाकडी खुर्चीत बसून वर जात. बाईंनी परिच्छेद छापला. सभागृहाने तो वाचला असे समजले. दुसऱ्या वर्षी पुन्हा छापला. पुन्हा समजले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्चीचा पाय मुडपला. खुर्चीतल्या मुलीचे मनगट मोडले आणि बाळ तिथेच, जिन्यावर, जन्मले. खुर्ची धरलेल्या आयामावशींनी आपला पदर अंथरला म्हणून त्याला थंडगार फरशी लागली नाही.

बाईंनी त्याच आठवड्यात अर्धसमास पाठवला. आरोग्यप्रमुखांच्या सहीने उजव्या भागात जो खुलासा आला, तो मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचला आहे, कारण तो पुढे छापला गेला. “माता व बालक सुखरूप असल्याने सदर आक्षेप उद्भवत नाही. तो वगळण्यात यावा.” ज्या गृहस्थाला हे वाक्य लिहिताना लेखणी जड वाटली नाही, त्याच्या शिक्षणावर झालेला खर्च हाच खरे तर लेखापरीक्षणाचा विषय व्हायला हवा!

बाईंनी जागेवर तपासणी लावली. नियमाप्रमाणे आधी सूचना द्यावी लागते. त्यांनी ती दिली. चोरपावलांनी जाणे त्यांना मान्य नव्हते. त्या दिवशी त्या पोहोचल्या, तेव्हा फरशी धुतलेली, लिफ्टमध्ये दिवा आणि दाराशी नव्या कोऱ्या गणवेशातील लिफ्टमन. आरोग्यप्रमुख स्वतः स्वागताला. मात्र त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता आणि ते हातातल्या कागदांनी वारा घेत होते. तळमजल्याच्या साऱ्या खिडक्या सताड उघड्या, आणि आतले लोक सदऱ्याची वरची बटणे सोडून बसलेले.

“बघा,” प्रमुख म्हणाले, “लिफ्ट चालू आहे. उगाच आमच्या मागे लागता.”

“बघते,” बाई म्हणाल्या आणि आत शिरल्या. आयामावशीही आत आल्या. लिफ्ट सुरळीत वर गेली. बाईंनी कक्ष पाहिला, बाळंतिणींशी बोलल्या. नंतर खाली आल्या, पुन्हा वर गेल्या, पुन्हा खाली. मग भिंतीला टेकून उभ्याच राहिल्या.

“आता झालं ना, बाई?” लिफ्टमनने विचारले.

“तुम्ही रोज किती वाजेपर्यंत असता?”

“मी? मी पाणीपुरवठ्यात आहे. आज इकडे पाठवलंय.”

मावशींनी तोंडावर हात धरला. “बाई, तुम्ही आलात म्हणून लिफ्टसुद्धा माहेरपणाला आलीय. संध्याकाळी जाईल सासरी.”

“सासर कुठे तिचं?”

“आहे इथेच. खालीच,” मावशी म्हणाल्या.

दुपार चढली. बाई आणखी एकदा वर निघाल्या, मावशी आणि लिफ्टमन यांच्यासह. आणि दुसरा मजला ओलांडताच दिवा विझला, एक गचका बसला, लिफ्ट थांबली. मग खालून, तळमजल्याकडून, एका संथ घुरघुरीचा आवाज वर आला.

“हे काय वाजतंय?” बाईंनी विचारले.

“एसी,” मावशी म्हणाल्या. “साहेबांना राहवलं नसेल. सकाळपासून बिचारे उकडून निघत होते.”

त्या कोंदट पेटीत मावशींनी सर्व सांगितले. लिफ्टमध्ये बिघाड कधीच नव्हता. इमारतीला विजेचा भार मंजूर होता, तो बेताचा. कार्यालयात एसी बसवायचे ठरले तेव्हा वाढीव भार मागण्याचा खटाटोप कोणी केला नाही. लिफ्टची वाहिनी तोडून ती खाली वळवली. लिफ्ट चालवायची असेल तर एसी बंद ठेवायचे, एसी चालवायचे असतील तर लिफ्ट बंद. म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्यापुढे ती दर तिमाहीस धावत असे आणि तो गेला की थांबत असे. प्रमाणपत्र खोटे नव्हतेच! एवढ्या खऱ्या कागदाच्या आधाराने एवढा मोठा खोटेपणा चालवता येतो, हे मावशींनी पुढे ही हकीकत मला सांगेपर्यंत माहीत नव्हते.

“मावशी, तुम्ही हे आधी का नाही सांगितलं?”

“कोणी विचारलं? येणारे सगळे विचारतात, ‘लिफ्ट चालू आहे ना?’ मी म्हणते, ‘हो, तुम्ही आहात तोवर आहे.’ त्यांना वाटतं मी आदराने बोलतेय.”

खाली कोणाच्या तरी लक्षात आले, घुरघुर बंद झाली आणि लिफ्ट वर सरकली. बाहेर येऊन बाईंनी घाम पुसला आणि त्या जिन्याने खाली गेल्या. आरोग्यप्रमुख दारातच होते.

“वीज गेली होती,” ते म्हणाले.

“तुमच्या खोलीतून गेली नाही,” बाई म्हणाल्या. “वाहिनी कुणाच्या आदेशाने वळवली?”

“माहिती घेऊन कळवतो.”

त्यांनी कळवले नाही. अर्धसमासाचा उजवा भाग या वेळी कोराच परत आला, खाली ‘निरंक’, म्हणजे ‘काही नाही’, असा शिक्का मारून.

यानंतर बाईंनी जे केले, ते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत नेमके काम होते, असे मी मानतो. आधीच्या दोन अहवालांत परिच्छेदाच्या शेवटी प्रथेप्रमाणे शिफारस होती : ‘विभागाने योग्य ती कार्यवाही करावी.’ ही भाषा त्यांच्या कार्यालयात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. योग्य कोणती, कोणी करायची, कधी, याचा पत्ता नाही. त्यामुळे सभागृहाने अहवाल शिफारशींसह मान्य केला, तरी कोणाच्याही अंगाला काही चिकटत नसे. वास्तविक मान्य झालेली शिफारस हा सभागृहाचा ठराव असतो, आणि झालेला ठराव सहा महिने फिरवता येत नाही. पण ज्या ठरावात काहीच म्हटलेले नाही, तो फिरवला काय आणि न फिरवला काय!

तिसऱ्या वर्षी बाईंनी लिहिले : ‘वाढीव वीजभार मिळून लिफ्ट अखंड चालू होईपर्यंत प्रसूतीची खोली व बाळंतिणींचा कक्ष तळमजल्यावर, आरोग्य विभागाच्या सध्याच्या जागेत आणावा आणि आरोग्यप्रमुखांच्या दालनासह विभागाचे कार्यालय तिसऱ्या मजल्यावर न्यावे. ही अदलाबदल ठरावानंतर पंधरवड्याच्या आत आरोग्यप्रमुखांनी व्यक्तिशः पूर्ण करावी.’

यात लपवाछपवी कसलीही नव्हती. मसुदा आरोग्यप्रमुखांकडे गेला. त्यांनी न वाचता ‘अभिप्राय नाही’ असे लिहून परत केला. छापील प्रत प्रत्येक सदस्याच्या हाती, पोच घेऊन, दिली गेली. कोणालाही केव्हाही वाचता येईल, अशा जागी शिफारस ठळक अक्षरांत होती.

एक मात्र अडचण होती, आणि ती घरातली होती. बाईंची धाकटी नणंद सभागृहाची सदस्य, तीही सत्ताधारी बाजूची. निवडून आल्यापासून तिने सभेत तोंड उघडले नव्हते. वार्ताहर तिला मौनीबाई म्हणत. बाईंनी हे नाते पहिल्याच वर्षी लेखी जाहीर केले होते आणि घरात कामाचा विषय काढायचा नाही, असा दंडक घातला होता. सभेच्या आधीच्या रविवारी नणंदबाई भावाकडे जेवायला आल्या. मीही आमंत्रित होतो. जेवण निम्म्यावर आले असताना त्या म्हणाल्या,

“वहिनी, एक विचारू?”

“कामाचं नसेल तर विचारा, वन्सं.”

“नियम असा आहे म्हणे, की एका जरी सदस्याने ‘वाचा’ म्हटलं, तरी अहवाल वाचावाच लागतो. मी म्हणू का? तुम्ही नुसतं ‘हो’ म्हणा.”

“मी काही म्हणणार नाही.”

“अहो, मी काय देवघेव करतेय? तुमच्याच भल्याचं सांगतेय.”

“तेच नको आहे. माझ्या सांगण्यावरून तुम्ही उठलात, तर तो नगराचा अहवाल राहत नाही. आपल्या घरचा होतो. भाजी वाढू?”

“ऐकलंस, दादा? नणंदेनं जीभ चालवली की ती लांब, आणि नाही चालवली तर मौनीबाई!”

“तुझं बरं आहे,” यजमान म्हणाले. “तुला निदान भाजी तरी मिळतेय. मला आधी पोच लिहून द्यावी लागते.”

नणंदबाई हसल्या नाहीत. हात धुऊन आल्यावर त्यांनी पिशवीतून आपली छापील प्रत काढून टेबलावर आपटली. “ही मला सदस्य म्हणून मिळालीय. वाचायला तरी बंदी नाही ना?”

“वाचायलाच छापलीय,” बाई म्हणाल्या. आणि त्यांच्या आवाजात एवढा थकवा होता, की यजमानांनीही पुढचा विनोद गिळला.

सभेच्या दिवशी मी सज्जात बसलो होतो. बाई अधिकाऱ्यांच्या बाकावर, हाताशी परिच्छेदाची टिपणे लावून. दोन खुर्च्या सोडून आरोग्यप्रमुख, भ्रमणध्वनीत डोके घालून. विरोधी बाजूचे एक वकील सदस्य हातात अहवाल घेऊन चाळत होते, हे पाहून मला आशा वाटली. बाईंनाही वाटली असावी. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. सभापतींनी विषय पुकारला आणि घसा साफ केला. वकील उठण्याच्या बेतात पुढे सरकले.

तेवढ्यात सत्ताधारी बाकांवरून मौनीबाई उभ्या राहिल्या.

“अध्यक्षमहाराज, अहवाल वाचला असे समजून, त्यातील सर्व शिफारशींसह, मान्य करावा, असा मी प्रस्ताव मांडते.”

मग कोणीतरी ओरडले, “बाई बोलल्या हो!” आणि बाकांचा असा गजर झाला, की अनुमोदन कोणी दिले हेही ऐकू आले नाही. वकील हसत खाली बसले. आरोग्यप्रमुखांनी मान वर न करता दोन बोटांनी बाक वाजवले. ठराव एकमताने संमत.

मी बाईंकडे पाहिले. त्यांनी टिपणे गोळा केली, एकावर एक नीट ठेवली आणि समोरच्या भिंतीकडे पाहत राहिल्या. तीन वर्षे ज्या उत्तराची त्या वाट पाहत होत्या, ते मागण्याची वाट त्यांच्या घरच्याच माणसाने बंद केली होती. सभेनंतर पायऱ्यांवर नणंद सामोरी आली, तर त्या तिच्याकडे न पाहता उतरून गेल्या.

ठरावाचा खरा अर्थ तीन-चार दिवसांनी, इतिवृत्ताची प्रत आरोग्य विभागात गेल्यावर, बाहेर पडला. तिथल्या एका कारकुनाने मला पुढे जे सांगितले ते असे. प्रमुखांनी कागद दोनदा वाचला, मग घंटी वाजवली.

“हे कोणी मान्य केलं?”

“सभागृहानं, साहेब. एकमतानं.”

“मी तिथेच होतो!”

“होय साहेब. आपण बाकही वाजवलं होतं.”

साहेब सभापतींकडे धावले. सभापतींनी नियमावली उलटसुलट पाहिली. सहा महिने इलाज नव्हता. मग साहेबांनी लेखी तक्रार केली, की हा नणंद-भावजयीचा घरगुती कट आहे. यावर बाईंनी उत्तर दिले ते दोन वाक्यांचे : अहवाल सर्व सदस्यांना एकाच दिवशी दिला होता; मसुदा तक्रारदारांना त्याआधी महिनाभर दिला होता आणि त्यावर त्यांचा अभिप्राय ‘नाही’ असा होता. तक्रार निकाली निघाली.

मग जिन्यावर जी वर्दळ सुरू झाली, ती पाहायला मी मुद्दाम गेलो. खाली येत होत्या खाटा, गाद्या, पाळणे; वर चालली होती कपाटे, टेबले आणि एक भलीमोठी फिरती खुर्ची, जी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकली. मावशी खाली उभ्या राहून हमालांना सांगत होत्या, “सांभाळून रे, तिथे पाय मुडपतो!” आरोग्यप्रमुख रोज सकाळी तीन मजले चढू लागले. जो वीजभार तीन वर्षांत कोणी मागितलाही नव्हता, तो बाराव्या दिवशी मिळाला.

आणि मग, संतापाची परिसीमा म्हणजे, लिफ्टचा उद्घाटन समारंभ झाला! फीत लावली. आरोग्यप्रमुखांनी ती कापली आणि ‘माता-भगिनींसाठी अहोरात्र घेतलेल्या परिश्रमांचे फळ’ असे भाषण केले. ज्या मुलीचे मनगट मोडले, तिचा उल्लेख नाही. ज्या मावशीचा पदर रक्ताने भिजला, ती मागे चहाचे पेले गोळा करीत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या संध्याकाळी नणंदबाई आल्या. जिन्यात मला पाहून म्हणाल्या, “सर, तुम्हीही या. एकटीला आत जायचं धाडस होत नाही.” बाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“वहिनी, आता बोला की. लिफ्ट मिळाली ना?”

“मिळाली.”

“मी अहवाल अख्खा वाचला, शेवटच्या पानापर्यंत. ती शिफारस पाहिली आणि मला कळलं, हा वाचला गेला तर हे लोक तेवढीच ओळ खोडतील. चर्चा करतील, समिती नेमतील, ओळ जाईल. म्हणून मी त्यांच्याच सवयीनं त्यांना बांधलं. चुकलं काय माझं?”

“त्यांना माहीत नसताना त्यांच्याकडून ठराव करून घेतलात.”

“माहीत नव्हतं, हा त्यांचा गुन्हा!”

“हो, त्यांचाच. आणि तुम्ही तो झाकलात.” बाईंनी आता वर पाहिले. “वन्सं, लिफ्ट मिळाली, उत्तर नाही मिळालं. वाहिनी कुणी तोडली, ते त्या माणसाला उभं राहून सांगावं लागलं नाही. उलट फीत कापायला मिळाली. उद्या तो दुसऱ्या इमारतीत दुसरं काही तोडेल. का नाही तोडणार?”

“उत्तरात बसवून बाळंतीण वर जाते का, वहिनी? त्या बायकांनी तुमच्या उत्तराची वाट पाहत आणखी एक वर्ष खुर्चीत बसायचं होतं?”

बाई पुन्हा भाजी निवडू लागल्या. मला विचाराल तर दोघींचेही बरोबर होते. आणि ज्या सभागृहाने दोन बरोबर माणसांना एकमेकींसमोर असे उभे केले, त्याची मला अधिकच चीड आली. आपले काम चोख केलेल्या सदस्याला ते लपून करावे लागावे, आणि चोख काम केलेल्या अधिकाऱ्याला यश मिळूनही अपमान झाल्यासारखे वाटावे, हा कुठला न्याय?

निघताना नणंदबाई दारात थांबल्या. “पुढच्या वर्षी पुन्हा छापणार?”

“प्रश्न मिटलेला नाही. छापणार.”

छापलाच. पुढच्या अहवालातील पहिला परिच्छेद होता : ‘प्रसूतिगृहाच्या लिफ्टची वाहिनी कोणाच्या आदेशाने व कोणत्या कारणास्तव तोडण्यात आली, याचा खुलासा अद्याप अप्राप्त.’ दुसरा परिच्छेद सभागृहाविषयीच होता : मागील अहवाल न वाचता मान्य केल्याची नोंद, प्रस्तावक सदस्याच्या उल्लेखासह. नणंदेलाही त्यांनी सोडले नाही. यजमान म्हणाले, “आता आमच्याकडे रविवारच्या जेवणाला कोणी येईल, असं वाटत नाही.”

सभा भरली. मी सज्जात होतो. या वेळी शेजारी मावशीही होत्या, रजा टाकून आलेल्या. सभापतींनी विषय पुकारला. “लेखापरीक्षण अहवाल. वाचला असे समजून—”

“नाही,” मौनीबाई उभ्या राहिल्या. “वाचा.”

“बाई, गेल्या वर्षी तुम्हीच तर प्रस्ताव—”

“गेल्या वर्षी मी तो घरी वाचला होता. तुम्ही कोणी वाचला नव्हता, म्हणून साहेबांना जिने चढावे लागले. या वर्षी इथे वाचा. मोठ्याने.”

खसखस पिकली; पण त्या खाली बसल्या नाहीत. नियम स्पष्ट होता. सचिवांनी अहवाल उघडला आणि पहिला परिच्छेद वाचला. सभापतींनी नाइलाजाने आरोग्यप्रमुखांचे नाव पुकारले. ते उठले.

“अध्यक्षमहाराज, याबाबत माहिती घेऊन कळवतो.”

“घ्या,” मौनीबाई म्हणाल्या. “आम्ही बसलो आहोत.”

“म्हणजे, आता?”

“फोन आहे ना तुमच्या हातात? दरवर्षी असतो.”

कोणी हसले नाही. सदस्य आपापल्या प्रती उघडून पाहू लागले होते, अनेकांनी प्रथमच. वकील सदस्य म्हणाले, “थांबायला आमचीही हरकत नाही.” आरोग्यप्रमुख बाहेर गेले. घड्याळ भिंतीवर टिकटिकत होते, पंखे फिरत होते, आणि एवढे मोठे सभागृह एका उत्तरासाठी चक्क वाट पाहत बसले होते. माझ्या साऱ्या वयात असे दृश्य मी पाहिले नव्हते. बाई ताठ बसून होत्या.

बऱ्याच वेळाने ते परत आले. बाकाचा कठडा धरून उभे राहिले. त्यांच्या हातात कागद नव्हता.

“वाहिनी तोडण्याचा तोंडी आदेश दिला गेला होता.”

“कोणाचा?” सभापतींनीच विचारले.

आरोग्यप्रमुखांनी खाली पाहिले. “माझा.”

“कारण?”

“उकाडा होता.”

मावशी माझ्या शेजारून उठल्या, कठड्याशी गेल्या आणि खाली त्या माणसाकडे पाहत राहिल्या. सभेत बोलण्याचा त्यांना अधिकार नव्हता. सभापतींनी चौकशीचा आदेश नोंदवायला सांगितले. बाईंनी लेखणी उचलून अर्धसमासाच्या कोऱ्या उजव्या भागात ‘उकाडा होता’ हे दोन शब्द जसेच्या तसे उतरवले, आणि सचिवांनी पान उलटून दुसरा परिच्छेद वाचायला घेतला.